स्टेशनामागच्या सराईत

कुठल्याही गावाला गेले की मी आधी साधी खोली शोधते. माझ्या मुलांना याचा राग येतो. "आता तरी बऱ्या हॉटेलात उतरत जा," म्हणतात. पण गालिचा अंथरलेल्या खोलीत मला झोपच येत नाही. भिंतीला चुना असावा, कपड्यांना एक खुंटी असावी, बाज उन्हात वाळवलेली असावी आणि पाणी जवळ असावं. एवढं मिळालं की मी निवांत होते. ही आवड मला लागली परभणीत. तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि बरोबर आई होती. त्या चार दिवसांत आमच्यापैकी एकीचाही कोणावर विश्वास नव्हता, तरी आवड लागली ती लागलीच.

आमचं गाव पूर्णेकाठचं, येलदरीपासून जवळ. नदीवर धरण पुढं खूप वर्षांनी झालं. तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि ते संपायच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा होता. निजामाविरुद्धच्या चळवळीत ओढ्याकाठची सरकारी शिंदीची झाडं तोडली म्हणून हिवाळ्यात माझ्या वडिलांना, आबांना, पकडून नेलं होतं. तीन महिने त्यांचा पत्ताच नव्हता. मग शेजारच्या गावचा एक माणूस सुटून आला आणि म्हणाला, "परभणीच्या तुरुंगात हायेत. खोकला लय हाय."

भेटीला जायचं कोणी, यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. माझे चुलते जायला तयार होते, पण पुरुषमाणूस गेला तर तोही आतच राहील अशी सगळ्यांना भीती. शेवटी आई म्हणाली, "मी जाते. पोरीला संगं नेते. बाईमाणसाला काय करत्यात?" गावच्या मास्तरांनी उर्दूत अर्ज लिहून दिला. आईनं तो घडी घालून माझ्या परकराच्या नेफ्यात शिवून टाकला. "वाटंत कोनी इचारलं तर तोंड उघडायचं न्हाई," असं मला जिंतूरपर्यंत बैलगाडीत दहा वेळा तरी बजावलं. जिंतूरहून आम्ही सर्विस मोटारीत बसलो. समोरच्या बाकावरचा माणूस सारखा आमच्याकडं बघतोय म्हणून आईनं पदर ओढून घेतला आणि माझं तोंड खिडकीकडं वळवलं. तो माणूस बोरीला उतरून गेला. तरी आई म्हणाली, "उतरायचं नाटक केलं असंल."

परभणीत आईचा मावसभाऊ कचेरीत कारकून होता. उतरायचं त्याच्याकडं, असं ठरलेलं. मामा दारात आला. आम्हाला बघून त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे. त्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं, पण आत या म्हणाला नाही. रस्त्यावर इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "अक्का, माझी नोकरी सरकारी हाय. तुझा नवरा आत. आज तू इथं राहिलीस की उद्या मला बोलावणं येतंय. स्टेशनामागं सराई हाय. तिथं बायाबी उतरत्यात."

आईनं पाणी प्यायलं, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघाली. वळणापाशी आल्यावर म्हणाली, "आजपासून ह्याला मामा म्हनायचं न्हाई."

सराईची आम्हाला फार धास्ती होती. गावात सराई म्हणजे चोर, दारुडे आणि बायका पळवणारे, एवढंच ऐकलेलं. प्रत्यक्षात ती एक चौकोनी जागा निघाली. मधे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, एका कोपऱ्यात रहाट असलेली विहीर, आणि तिन्ही बाजूंनी ओळीनं खोल्या. प्रत्येक खोलीपुढं जोत्यावर एक मातीची चूल. दाराशी एक म्हातारी मुसलमान बाई मोठी वही घेऊन बसलेली होती. ती सराई तिच्या नवऱ्याकडं होती आणि त्याच्यामागं तीच चालवत होती. येणारेजाणारे तिला बडी बी म्हणत.

"कुठून आलाव माय?" तिनं विचारलं.

"जिंतूरकडून."

"संगं बाप्या कोनी?"

"न्हाई."

बडी बीनं आमच्याकडं निरखून पाहिलं. दोन बाया, संगं पुरुष नाही. तिलाही आमचा संशय आला असणार. "काम काय काढलं?"

हे काही आम्ही ठरवून आलो नव्हतो. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरीच्या डोळ्यांचा इलाज करायचाय. सरकारी दवाखान्यात."

मी एकदम डोळे मिचकावायला लागले. म्हातारीनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. "लाल तर न्हाईत," ती म्हणाली.

"आतून दुखत्यात," आई म्हणाली.

बडी बीनं वहीत काहीतरी लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं, पण मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकले होते. तिनं खोली दाखवायला पाठ फिरवली तशी मी वाकून वाचलं. जिंतूर होतं, आणि पुढं लिहिलं होतं, आँख का इलाज. खोलीत गेल्यावर मी आईला ते सांगितलं. आईला बरं वाटायच्या ऐवजी काळजी लागली. "एवढ्या लौकर कसं काय खरं धरलं तिनं?"

खोली उगवतीकडची होती. एक सुतळीची बाज, एक खुंटी, एक कोनाडा, हातभर खिडकी. भिंतींना नुकताच चुना दिलेला, बोटाला पांढरं लागत होतं. आईनं बाज उलटी करून सांध्यांत बघितलं, कोनाड्यात हात घालून बघितला, जमीन टाचेनं ठोकून बघितली. मग दार लावून बघितलं, तर आतली कडी तुटलेली. बाहेरची मात्र शाबूत.

"बघ," ती म्हणाली, "बाहेरून कोंडता येतंय, आतून लावता येत न्हाई."

तिनं जाऊन जाब विचारला. बडी बी उठली, कुठूनतरी एक जाड बाभळीचं लाकूड घेऊन आली आणि दारामागच्या दोन खाचांत आडवं बसवून दाखवलं. "हत्ती आला तरी उघडत न्हाई," म्हणाली. त्या अडसरामागं आम्ही झोपलो. आईनं तरीही बाज दाराला लावून घेतली आणि अर्ज उसवून स्वतःच्या कमरेला बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी आईनं माझ्या डाव्या डोळ्यावर धडपा बांधला. दवाखान्याची वाट स्टेशनावरून जाते, म्हणून आम्ही आधी तिकडं गेलो आणि मग गल्लीगल्लीनं वळसा घालून तुरुंगाकडं आलो. दारावरच्या शिपायानं अर्ज घेतला, उलटापालटा करून परत दिला. "साहेब दौऱ्यावर आहेत. उद्या या." ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही समोरच्या भिंतीच्या सावलीला बसलो, आणि परत आलो. घामानं धडपा ओला झाला होता, म्हणून वाटेत मी तो सोडला आणि सराई दिसताच घाईघाईनं पुन्हा बांधला.

बडी बी अंगणात बाजांवर आधणाचं पाणी ओतत होती. तिचा तो रोजचाच उद्योग होता. रिकाम्या झालेल्या प्रत्येक बाजेवर उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर ती उन्हात उभी करायची. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"सकाळी डावा होता ना?"

मी बांधलेल्या डोळ्याला हात लावला. तो उजवा होता.

"दोन्ही बी दुखत्यात," आई म्हणाली. "डाक्टरनं आलटूनपालटून बांधाय सांगितलंय."

"असं होय," बडी बी म्हणाली आणि पुढच्या बाजेकडं गेली.

संध्याकाळी ती वाटीत गुलाबपाणी घेऊन आली. आईनं वाटी ठेवून घेतली, वास घेतला, आणि तिची पाठ वळताच गुलाबपाणी मोरीत ओतलं. मला म्हणाली, "कोन जाने काय असंल." विहिरीचं पाणी मात्र आम्ही आमच्याच कळशीनं ओढायचो. ते इतकं गोड होतं की आईच्या तोंडून निघून गेलं, "पानी चांगलं हाय." मग लगेच गप्प झाली, जणू कबुली दिली होती.

तिसऱ्या दिवशीही तुरुंगावर तेच, उद्या या. त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी बसले होते, तेवढ्यात अंगणात जोड्यांचा आवाज झाला. पोलीस जवान होता. तो रोज येऊन वही बघायचा, पण आजवर खोल्यांकडं आला नव्हता. त्या दिवशी तो बडी बीला घेऊन सरळ आमच्यापुढं आला.

"ये आँखवाले कौन?"

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी खाली बघितलं. माझ्या डोळ्यांवर धडपाच नव्हता.

"दवाखाने की चिठ्ठी दिखाव," तो म्हणाला.

चिठ्ठी कुठली असणार? आईच्या कमरेला चिठ्ठी होती, पण ती आबांच्या नावाची. आईचा हात नकळत कमरेकडं गेला आणि मला वाटलं, आता संपलं.

"चिट्ठी मेरे पास है," बडी बी म्हणाली. "मैं खुद लेके गई थी बच्ची को. सुबू. डाक्टर बोला, पंधरा दिन लगते." ती हे इतक्या सहज बोलली, जणू खरंच सकाळी माझा हात धरून गेली होती. "दिखाऊं? अंदर संदूक में है. चाबी ढूंढना पडता."

जवानानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "नक्को," म्हणाला आणि निघून गेला.

आईची भाकरी तव्यावर करपली. बडी बी आपल्या खोलीकडं गेली. मला तिच्यामागं पळत जावंसं वाटत होतं, पण आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "बस खाली," ती म्हणाली. "ही आपल्यासाठी खोटं कामून बोलली? हिला काय पायजे असंल?" जेवतानाही तिचं तेच, झाडून काढतानाही तेच. माझ्या कानातल्या बाळ्या तिनं काढून पदराला बांधल्या. "उद्या हीच जाऊन सांगंल, ह्या खोट्या हायेत म्हनून. आज झाकलं, उद्या दुप्पट मागंल."

मग तिला राहवेना. ती उठून बडी बीच्या दाराशी गेली. मी मागोमाग.

"तुमी खोटं कामून बोललाव?" आईनं उभ्या उभ्याच विचारलं.

बडी बी पान लावत होती. "तुमी कामून बोललाव?" तिनं उलट विचारलं. मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "उद्या जाताना भाकरी नेऊ नका माय, दारात काढून घेत्यात. गूळ नेला तर चालतो. धुतलेलं धोतर चालतं. अन् म्होरल्या दाराला बसून काही हुत न्हाई. मागल्या दारचा जमादार म्हातारा हाय, त्याला अर्ज द्या."

"कोनाला न्यायचा गूळ?" आई म्हणाली.

"ज्याचे डोळे दुखत्यात त्याला." बडी बीनं पान तोंडात टाकलं. "सा महिने झाले, माझ्या सराईत येनाऱ्या समद्या बायांचे नाहीतर लेकरांचे डोळेच दुखत्यात. परभनीत एवढे डोळे कधी दुखले नव्हते."

मला हसू आलं, पण आई हसली नाही. "मग तुमी आमाला ठिवून घेतलं कामून? तुमच्यावर आलं असतं."

"खोटं मी तुमच्यासाठी न्हाई बोलले," बडी बी म्हणाली. "माझ्या खोलीतून पोलीस मानसं उठवून न्यायला लागले तर उद्या इथं कोन उतरंल? वहीत लिहिलं ते लिहिलं. ते खरं ठिवायचं माझं काम."

आईचे खांदे सैल झाले. नुसत्या माणुसकीवर तिचा विश्वास बसला नसता. धंद्यावर बसला. त्या रात्री पहिल्यांदा बाज दारापासून सरकून खिडकीखाली आली. बाळ्या मात्र पदरातच राहिल्या.

चौथ्या दिवशी आम्ही मागच्या दारानं गेलो. म्हाताऱ्या जमादारानं अर्ज घेतला, गुळाचा खडा फोडून बघितला, धोतर झटकून बघितलं, आणि ऊन चढल्यावर आम्हाला आत सोडलं. जाळीच्या पलीकडं आबा आले. इतके वाळले होते की मी आधी त्यांच्यामागं बघत राहिले, आबा कुठं आहेत म्हणून. जाळीशेजारी एक शिपाई उभा राहिला. "गाँव का कुछ नहीं बोलना," त्यानं सांगितलं. "सरकार का नहीं, किसी आदमी का नहीं. बोले तो मुलाकात बंद."

मग बोलायचं काय? आबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "उतरलाव कुठं? भावाकडं?"

"न्हाई. सराईत."

आबांचा चेहरा पडला. "पोरीला घेऊन? सराईत?"

"चांगली हाय हो," आई म्हणाली, आणि जी बोलायला लागली ती थांबेना. चार दिवस ती त्या खोलीला नावं ठेवत होती. मला वाटलं आबांना धीर द्यायला रचून सांगतेय. पण ती सांगत होती ते सगळं खरं होतं. "खोली उगवतीची हाय. सकाळी कवळं ऊन येतंय बाजंवर. चुना नवा हाय. दाराला ह्यो एवढा बाभळीचा अडसर. जोत्यावर चूल हाय, धूर आत येत न्हाई. हिरीचं पानी आपल्या मळ्यातल्यावानी गोड. अन् ढेकून म्हनाल तर एक न्हाई. रोज आधनाचं पानी टाकून ढेकून मारत्यात."

"ढेकूण?" शिपाई पुढं आला. "ये ढेकूण कौन है?"

आई गोंधळली. "ढेकून हो. बाजंतले."

"किसको बोल रहे? किसको मारते?" त्यानं जाळीवर काठी आपटली. त्या दिवसांत आमच्याकडं लोक रझाकारांना आणि पोलिसांना आडून काहीबाही म्हणत, तसलंच काही असावं असं त्याला वाटलं. "चुना, अडसर, ढेकूण! क्या इशारा चल रहा?"

आबा म्हणाले, "साहेब, ढेकून म्हंजी ढेकून. खटमल. तुमच्या ह्या कोठडीत पोत्यानं हायेत, म्हनून ती सांगायलीय, तिकडं न्हाईत."

शिपाई आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं नकळत आपली मान खाजवली. "खटमल बोलना फिर," असं पुटपुटत तो दोन पावलं मागं सरकला. आबा हसले. हसता हसता पुन्हा खोकले, पण हसले. उरलेला वेळ त्यांनी खोलीचंच विचारलं. खिडकीतून काय दिसतं, खुंटी कुठल्या भिंतीला आहे, माझी झोप होते का. मी सांगितलं, लिंबाचं झाड दिसतं आणि गाडीची शिटी ऐकू येते. ते डोळे मिटून ऐकत होते. भेट संपल्याचं शिपायानं सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "आता रातच्याला मला ठावं ऱ्हाईल, तुमी कुठं निजलाव ते."

बाहेर आल्यावर आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. सराईत आल्यावर तिनं खोली झाडली, चूल पोतेऱ्यानं सारवली, आणि बडी बीपाशी जाऊन आपणहून सांगितलं, "भेट झाली."

"बोलले का?"

"बोलले." मग म्हणाली, "तुमच्या खोलीचंच बोललो समदं."

बडी बीला ते कळलं नसावं. तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोटार धरली.

पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आबा सुटून घरी आले. खोकला मात्र बरा होत नव्हता. दिवाळीआधी त्यांना दवाखान्यात दाखवायला आम्ही तिघं परभणीला गेलो. आई सकाळपासून म्हणत होती, तुमाला ती खोली दाखवते.

सराईला बाहेरून कुलूप होतं. मधल्या दिवसांत आमच्या भागात मुसलमानांची घरं जळली होती, माणसं मारली गेली होती. ते आमच्या कानावर आलं होतं, पण गावात त्यावर कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शेजारी चहाचं दुकान होतं. आईनं तिथं विचारलं, "सराईवाली म्हातारी कुठं हाय?"

दुकानदारानं आमच्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. "तुमचं काय काम तिच्याकडं? कोन लागती तुमची?"

"आमी तिच्याकडं उतरलो होतो," आई म्हणाली. "माझा मालक तुरुंगात होता तवा."

त्यानं आबांकडं बघितलं, मग आवाज जरा उतरला. "गेली हैदराबादला. लेकीकडं." बाकावर बसलेला दुसरा माणूस म्हणाला, "लेक कुठली तिला? मनमाडच्या गाडीत बसली म्हनत्यात." तिसऱ्यानं नुसतं दुसरीकडं तोंड केलं. आईनं तिघांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं आणि कोणाचंच खरं धरलं नाही.

दवाखाना झाला तेव्हा दिवस कलायला आला होता. दवाखान्याच्या कंपाउंडरनं गावातल्या एका धर्मशाळेचा पत्ता दिला, जागा चांगली आहे म्हणाला. आई म्हणाली, "नको." शेवटची मोटार मिळाली, जिंतूरला अंधार झाला, आणि तिथून बैलगाडीत आबांच्या अंगावर घोंगडं घालून आम्ही गावाकडं निघालो.